खाली बेकरी, वर घर: नाताळच्या रोषणाईसाठी बल्ब निवडण्याचं एक प्रकरण

इमारत इंदूरच्या जुन्या पलासियातली. खाली बेकरी, वर बेकरीवाल्यांचं राहतं घर. कुटुंब मराठी ख्रिस्ती, त्यामुळे नाताळ हा वरच्या मजल्यावर घरचा सण आणि खालच्या मजल्यावर वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम. रस्त्याकडची रुंदी २६ फूट, म्हणजे साधारण ८ मीटर. वर लोखंडी रेलिंगची १८ फुटी गॅलरी, गॅलरीच्या स्लॅबखाली दुकानाची पाटी, दुकानापुढे दहा फूट पुढे आलेला, इमारतीएवढाच रुंद ओटा आणि त्याच्या दोन टोकांना लोखंडी पाइपाचे खांब. आत सहा फुटांचा काचेचा काउंटर. वीजमीटर दोन: वरचा घरगुती, खालचा व्यावसायिक.

मागच्या नाताळात विजेच्या सामानाच्या बाजारातून, महाराणी रोडवरून राइस बल्बच्या बारा माळा आणल्या होत्या. थेट सॉकेटला लागणाऱ्या, आठ तऱ्हांनी लुकलुकणाऱ्या, पांढऱ्याफटक. सहा खाली, सहा वर. हंगाम संपल्यावर तीन तक्रारी उरल्या. काउंटरमधला प्लम केक गिऱ्हाइकांच्या फोटोत राखेच्या रंगाचा दिसत होता. २५ तारखेपर्यंत बारापैकी पाच माळा पूर्ण किंवा अर्ध्या विझल्या होत्या. आणि मावठ्याची एक सर आली त्या रात्री दुकानाचा आरसीसीबी (वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पुन्हापुन्हा पडत राहिला. शेवटी फ्रिज चालू ठेवायचा म्हणून सगळी रोषणाई काढावी लागली.

यंदा मालकांचा पहिला प्रश्न होता, "चांगल्या कंपनीच्या माळा कोणत्या?" प्रश्न साहजिक आहे, पण या तिन्ही तक्रारींचा कंपनीशी संबंध थोडा आणि जागेशी जास्त होता. एकच माळ रस्त्यावरून दिसायलाही लावली होती, केक दाखवायलाही आणि गॅलरीत बसायलाही. ही तीन कामं वेगळी आहेत आणि तिन्हींना वेगळा दिवा लागतो.

जुन्या माळा का गेल्या

पांढऱ्या, निळ्या, हिरव्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल-पिवळ्याला २ च्या आसपास. सत्तर-ऐंशी एलईडी एकामागोमाग ओवले की २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात आणि वेगळ्या ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला हवी तेवढीच वीज देणाऱ्या डबीचा, खर्च वाचतो. स्वस्त माळेचं सगळं गणित एवढंच. एक सांधा सुटला की ती अख्खी ओळ विझते. एक एलईडी आतून शॉर्ट झाला तर त्याच्या वाट्याचं व्होल्टेज बाकीच्यांवर पडतं आणि तेही लवकर जातात. त्यात रात्री उशिरा वस्तीतला भार कमी झाला की लाइनचं व्होल्टेज चढतं. माळेत ते आवरणारं काही नसतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. माळेच्या मध्ये जी छोटी डबी असते तिच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. डायोड आणि थायरिस्टर असतात, म्हणजे नुसतं चालू-बंद करणारे भाग. त्यामुळे केसासारख्या बारीक वायरच्या प्रत्येक सांध्यावर घरच्या लाइनचाच दाब असतो. अशी वायर लोखंडी रेलिंगला बाइंडिंगच्या तारेने आवळली, तारेने वरचं पीव्हीसी कापलं आणि वर दव पडलं, की रेलिंगला करंट. मागच्या वर्षी आरसीसीबी पडला तो याच गळतीमुळे. म्हणजे आरसीसीबीने आपलं काम चोख केलं होतं.

एलईडीच्या माळा आपल्याकडे बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीत येतात. खोक्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा आणि तो बीआयएस केअर या ॲपवर तिथल्या तिथे तपासता येतो. जुन्या बारा माळांच्या खोक्यांवर ना क्रमांक होता, ना वॅट, ना व्होल्ट. फक्त 'हॅपी दिवाली' होतं.

दुकानाचा दर्शनी भाग

इथे निवड केली ती सुट्या होल्डरांच्या फेस्टून वायरीची. काळी रबरी वायर, तिच्यात दर ५० सेंटीमीटरला एक होल्डर, होल्डरात सुटा बल्ब. एक बल्ब गेला तर शिडी लावून तो एक बदलायचा, बाकीचे चालूच राहतात, कारण इथे प्रत्येक बल्ब समांतर जोडलेला असतो. दुकानासाठी आमचं मत यावर ठाम आहे: हंगामाच्या मध्यात दुरुस्त करता येत नाही असा दिवा दर्शनी भागावर लावूच नये. २४ तारखेला संध्याकाळी सात वाजता अर्धी विझलेली माळ काढायला कोणाला वेळ असतो?

ओळी दोन. पहिली गॅलरीच्या स्लॅबच्या कडेला, सात हुकांवर झोळ देत. ८ मीटर रुंदीला झोळासकट ९ मीटर वायर आणि १८ होल्डर लागले. दुसरी ओट्याच्या दोन खांबांमध्ये, मध्ये आधार नसलेली, १६ होल्डरांची. एकूण ३४ बल्ब. विकत घेतले ४०.

बल्ब एक वॅटचे, एलईडी फिलामेंटचे, २७०० केल्विनचे वॉर्म व्हाइट. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप: आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर पांढरा. रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला उजेडाची गरज नसते, ठिपक्यांची ओळ दिसली की पुरे. तीन किंवा पाच वॅटचा बल्ब लावला तर ओळ दिसत नाही, नुसता झगमगाट दिसतो, आणि ओट्यावर उभ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जातो. वरच्या ओळीला काचेचे बल्ब, खालच्या ओळीला पॉलीकार्बोनेटचे. खालची ओळ साडेनऊ फुटांवर आहे आणि ओट्यावर टेम्पोतून क्रेट उतरतात, एखादं टोक वर लागतंच.

होल्डर पिनाचा की आट्याचा, यावर बरीच चर्चा झाली. घरात सगळीकडे पिनाचा बी-२२ होल्डर, तोच बल्ब कुठेही चालतो, म्हणून मालकांचा कल त्याच्याकडे. उघड्यावर मात्र आट्याचा ई-२७ बरा पडतो. बल्ब फिरवून घट्ट केला की होल्डरचा रबरी ओठ बल्बच्या मानेवर दाबून बसतो आणि पाणी आत जात नाही. बी-२२ मध्ये पिना फिरायला जागा लागते, तिथून दव शिरतं. ई-२७ ची एक अट आहे, ती इलेक्ट्रिशियनला बजावून सांगावी लागते: फेज होल्डरच्या तळाच्या टिकलीला, न्यूट्रल आट्याच्या पत्र्याला. उलटं झालं तर बल्ब पेटतोच, पण बदलताना बोट लागतं तो पत्राच जिवंत असतो. म्हणून या वायरीला दोन पिनांचा, कसाही उलटसुलट बसणारा प्लग लावायचा नाही. तीन पिनांचा पक्का प्लग, फेज-न्यूट्रल टेस्टरने तपासून.

इलेक्ट्रिशियनने १२ व्होल्टचा पर्याय सुचवला होता. सुरक्षित आहे, पण इथे जमत नाही. ३४ वॅट १२ व्होल्टवर म्हणजे जवळजवळ २.८ अँपियर. मीटरजवळून दर्शनी भागापर्यंत ७ मीटर आणि पुढे ओळीचे ८ मीटर. बाजारात सहज मिळते ती ०.५ चौरस मिलीमीटरची वायर धरली तर शेवटच्या बल्बापर्यंत दोन व्होल्टहून जास्त गळतात. पहिला बल्ब आणि शेवटचा बल्ब वेगळ्या घरचे वाटतात. तेच ३४ वॅट २३० व्होल्टवर ०.१५ अँपियरही नाहीत आणि गळती एका व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. उंचावर, हात न पोचणाऱ्या, लांब ओळीला २३० व्होल्ट. हाताशी येणाऱ्या, आखूड माळेला कमी व्होल्ट. या इमारतीत तीच वाटणी केली.

आत्याबाईंचं खोकं

न्यू जर्सीहून मालकांच्या आत्याबाईंनी सी-९ बल्बांचं खोकं आणलं होतं, २५ बल्ब आणि हिरवी वायर. शंकूसारखे, जाडजूड, चित्रातल्या नाताळसारखे. सी म्हणजे शंकूचा आकार आणि ९ म्हणजे इंचाचे नऊ अष्टमांश, सव्वा इंचाला जरा कमी व्यास. हे बल्ब दिसतात छान, पण अडचणी दोन आहेत. त्यांचा आटा ई-१७, आपल्या ई-१४ आणि ई-२७ यांच्या मधला, त्यामुळे इथल्या कुठल्याच होल्डरात ते बसत नाहीत. आणि खोक्यावर १२० व्होल्ट लिहिलेलं. पिना बदलणारा अडॅप्टर लावून ती माळ २३० वर जोडली तर तारेच्या बल्बावर (आतली तार तापून उजळणाऱ्या जुन्या बल्बावर) सुमारे ३.७ पट शक्ती पडते, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. क्षणभर लखलखाट आणि मग अंधार. पिनांचा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही, हे परदेशातून माळा आणणाऱ्या प्रत्येकाला सांगायची वेळ येते.

सात वॅटचे २५ बल्ब, म्हणजे १७५ वॅट. त्यासाठी २३० चे ११० करणारा निदान २५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो, जड आणि गरम. नाद सोडला. बल्ब काचेच्या बरणीत भरून, न पेटवता, काउंटरच्या कोपऱ्यात ठेवले. आत्याबाईंचा मान राहिला आणि बरणीचे फोटोही निघाले.

काउंटर

खरं तर खर्चाची सुरुवात इथून करायला हवी होती. काउंटरच्या वर ६५०० केल्विनची ट्यूब होती आणि काचेवर पांढऱ्या माळा. अशा प्रकाशात निळा भाग जास्त आणि लाल भाग कमी. प्लम केकचा तपकिरी रंग, चेरीचा लाल, कुकीजचा सोनेरी, सगळं लाल-पिवळ्यावर उभं असतं. ते रंग प्रकाशातच नसतील तर केकवरून परत येणार कुठून?

काउंटरच्या आतल्या वरच्या कडेला ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये २४ व्होल्टची एलईडी पट्टी बसवली: ३००० केल्विन, सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर, मीटरला ९.६ वॅट. १.८ मीटरला १७ वॅट झाले, ड्रायव्हर ३० वॅटचा घेतला. ड्रायव्हर भरगच्च भारावर चालवला की तापतो आणि लवकर जातो, वीसेक टक्के मोकळीक ठेवावी. ड्रायव्हर काउंटरच्या बाहेर, खालच्या कपाटात. चॅनेल दुधी झाकणाचं, नाहीतर काचेत एलईडीचे ठिपके उमटतात. पट्टीचा सीआरआय खोक्यावर नसेल तर साधी पारख: तिच्याखाली आपला तळहात धरायचा. हात आजारी दिसला तर पट्टी परत.

मोबाइलच्या कॅमेऱ्याचीही एक चाचणी आहे. स्वस्त माळा अर्ध्याच लहरीवर पेटतात, म्हणजे सेकंदाला ५० वेळा लुकलुकतात. डोळ्याला हे क्वचित कळतं, व्हिडिओत मात्र काळे पट्टे सरकताना दिसतात. आजकाल गिऱ्हाईक केक कापण्याआधी रील काढतं, तेव्हा विकत घेण्याआधी दुकानातच स्लो मोशनमध्ये माळ पाहून घ्यावी.

झाड सहा फुटांचं, दुकानाच्या आत, काउंटरच्या बाजूला. परदेशी ठोकताळा दर फुटाला शंभर बल्ब असा आहे. तो बारीक तारेच्या बल्बांच्या काळातला. एलईडीला निम्मे पुरतात. १०० एलईडीच्या २४ व्होल्टच्या तीन माळा, अडॅप्टरवर चालणाऱ्या. नुसत्या बाहेरून गुंडाळल्या की झाड दोराने बांधल्यासारखं दिसतं. खालून सुरुवात करून प्रत्येक फांदीवर खोडापासून टोकापर्यंत आणि टोकाकडून परत खोडापर्यंत गेलं की आतूनही उजेड येतो. प्लगचं टोक बुंध्याशी ठेवून सुरुवात करायची. शेंड्यावर प्लग उरला की सगळं उलटं करावं लागतं.

वरचं घर

घराचा निर्णय आजींनी घेतला. वॉर्म व्हाइटचा नमुना पाहून त्या म्हणाल्या, "अरे बाबा, पांढरे दिवे दवाखान्यात लावतात. नाताळला रंग हवेत." विजेच्या दिव्यांनी सजलेलं पहिलं नाताळचं झाड एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या घरात उभं केलं, त्यावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० बल्ब होते. आजींची बाजू तशी जुनीच आहे.

गॅलरीला रंगीत माळ घेतली, पण २४ व्होल्टची आणि आयपी ४४ ची. आयपीचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा: २० म्हणजे फक्त घरात, ४४ म्हणजे शिंतोडे चालतात, ६५ म्हणजे पाण्याचा फवाराही चालतो. गॅलरीवर छत आहे, तिथे ४४ पुरतं. खालच्या फेस्टूनला मात्र ६५ घेतलं. अडॅप्टर खोलीच्या आत सॉकेटवर, बाहेर जाते ती फक्त २४ व्होल्टची वायर. नातवंडांचा हात रेलिंगवर असतो तिथे याहून वेगळं काही लावण्याचा प्रश्नच नाही. रंगांमध्ये निळा कमी असलेली माळ मुद्दाम शोधली. एलईडीचा निळा रात्री डोळ्यात टोचतो आणि शेजारचा पिवळा-लाल मारून टाकतो.

नाताळच्या कागदी ताऱ्यात, म्हणजे टांगायच्या आकाशकंदिलात, आधी ९ वॅटचा पांढरा बल्ब असायचा. तारा लाल कागदाचा. लाल कागद फक्त लाल प्रकाश बाहेर सोडतो आणि थंड पांढऱ्या एलईडीत लाल फार थोडा, म्हणून तारा मळकट गुलाबी दिसायचा. ३ वॅटचा वॉर्म व्हाइट घातला आणि एक तृतीयांश शक्तीत तारा खरा लाल झाला. तारा वायरीला लटकवायचा नाही. वेगळ्या नायलॉनच्या दोरीने टांगायचा, वायर तिच्या शेजारून सैल. तारेचा ४०-६० वॅटचा जुना बल्ब कागदात कधीच नको.

गव्हाणीच्या देखाव्यात खरं वाळलेलं गवत असतं. तिथे मोबाइलच्या चार्जरवर चालणारी ५ व्होल्टची तांब्याच्या तारेची माळ. ही तार उघडी दिसते, पण तिच्यावर लाखेसारखा पातळ लेप असतो. टाचणी किंवा स्टेपलरने ती अडकवली की लेप खरवडतो, दोन तारा एकमेकींना टेकतात आणि पुढची माळ विझते. दोऱ्याने बांधावी.

धाकट्या मुलाला पिक्सेल लाइट हवे होते, मोबाइलवरून नाचणारे. ते घेतले नाहीत; पिक्सेलला वेगळा कंट्रोलर, जाड वायर आणि मध्ये मध्ये वीज पुरवठा लागतो, आणि हे सगळं शिकायला नाताळचा आठवडा ही वेळ नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत करून पाहावं.

मीटर आणि जोडणी

मागच्या वर्षी दुकानाच्या काही माळा सोयीसाठी वरच्या गॅलरीतल्या सॉकेटवर होत्या. म्हणजे दुकानाची रोषणाई घरगुती मीटरवर. वीज अधिनियम २००३ च्या कलम १२६ मध्ये मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरणं हा अनधिकृत वापर धरला जातो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. दोन-चार युनिटांसाठी ही जोखीम घ्यायची गरज नाही. यंदा दुकानाचं सगळं खालच्या मीटरवर, घराचं वरच्या. वीज कंपनीच्या खांबाला काहीच बांधलं नाही.

खाली रोषणाईला स्वतंत्र सर्किट दिलं: ६ अँपियरची एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारी), ३० मिलीअँपियरचा वेगळा आरसीसीबी. वेगळा यासाठी, की बाहेर पाणी शिरून तो पडला तरी फ्रिज आणि बिलिंगचा संगणक चालू राहावा. फेस्टूनची वायर शटरच्या पट्टीखालून काढायची नाही. पहिल्याच रात्री शटर तिला चेचतं. ती वरच्या व्हेंटिलेटरमधून काढली आणि भिंतीत शिरण्याआधी खाली एक वळसा ठेवला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडतं, आत येत नाही. होल्डर सगळे तोंड खाली करून.

खांबांमधल्या ओळीला आधी ३ मिलीमीटरची स्टीलची दोरी बांधली आणि फेस्टून तिला काळ्या केबल टायने अडकवली. पांढरे टाय उन्हाने ठिसूळ होतात. वायर, होल्डर, बल्ब मिळून मीटरला पाव किलो धरलं तर ८ मीटरच्या ओळीला मध्यभागी ३० सेंटीमीटर झोळ ठेवल्यास खांबावर साधारण ७ किलोचा ताण येतो. तीच ओळ ताठ दिसावी म्हणून झोळ १० सेंटीमीटर केला की ताण २० किलो. झोळ राहू द्यावा. दिसायलाही तोच बरा.

टायमर संध्याकाळी ६ ते साडेदहा. डिसेंबरच्या शेवटी इंदुरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो; त्याआधी दिवे लावून काही दिसत नाही.

काय बिघडलं

पहिलं, रंग जुळेना. चाळीस बल्ब दोन खोक्यांतून आले होते. दोन्हींवर 'वॉर्म व्हाइट', पण पेटवल्यावर बारा बल्ब स्पष्ट पिवळट. खोक्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरांत २२०० केल्विन. 'वॉर्म व्हाइट' या शब्दांवर विसंबू नये, केल्विनचा आकडा आणि बॅच क्रमांक पाहावा, आणि शिडीवर चढण्याआधी सगळे बल्ब जमिनीवरच पेटवून बघावेत. ते बारा बदलून आणले.

दुसरं, टायमर आणि लुकलुक. दुकानातल्या झाडाच्या माळांना आठ तऱ्हांची डबी होती. मालकांनी ती दाबत दाबत स्थिर उजेडावर आणली. दुसऱ्या दिवशी टायमरने वीज दिल्यावर माळा पुन्हा पहिल्या तऱ्हेवर, म्हणजे सगळ्या प्रकारांनी नाचायला लागल्या. डबीत आठवण ठेवणारा भाग नसतो, वीज गेली की ती सगळं विसरते. टायमर लावायचा असेल तर डबी नसलेली किंवा खोक्यावर 'मेमरी' लिहिलेली माळ घ्यावी. इथे झाड टायमरवरून काढलं. सकाळी दुकान उघडणारा मुलगा बटण दाबतो आणि डबीही.

तिसरं, दुकानाची पाटी. ती आतून ६५०० केल्विनने उजळते. तिच्या अगदी डोक्यावर वॉर्म ओळ आली तेव्हा बल्ब सोनेरी न वाटता जुनाट, धुरकट वाटले. पाटी बदलणं बजेटात नव्हतं. पाटीच्या रुंदीपुरते तीन बल्ब काढून होल्डरांना रबरी टोप्या घातल्या, आणि गोष्ट बरीच निभावली. पूर्ण नाही. पाटीच्या आतले मोड्यूल ४००० केल्विनचे झाले की ती तक्रार मिटेल.

चौथं मावठ्याचं. रिमझिम पडली आणि रोषणाईचा आरसीसीबी पडला. फ्रिज चालू राहिला, पण मालकांचा चेहरा मागच्या वर्षीचाच. बोलावलेल्या कारागिराने सांगितलं, "काका, आरसीसीबी बायपास करून देतो, सणाची रात्र निघून जाईल." बायपास म्हणजे गळती तशीच ठेवून पहारेकऱ्याला घरी पाठवणं, ते होऊ दिलं नाही. दोष शोधायची रीत साधी आहे: दोन ओळी वेगळ्या करायच्या, एकेक चालू करायची, जी पाडते तिचे पुन्हा दोन भाग. दोष खालच्या ओळीत निघाला, आणि तिथेही एका जागी: वायर कमी पडली म्हणून दीड मीटरचा तुकडा जोडून वर इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. टेप पाणी अडवत नाही, उलट आत शिरलेलं धरून ठेवते. तो सांधा ग्लँड (वायरीभोवती आवळून बसणारं तोंड) असलेल्या आयपी ६५ च्या डबीत घेतला आणि डबी ओळीच्या झोळावर न ठेवता खांबाला, ग्लँड खालच्या बाजूला करून बसवली. त्यानंतरच्या शिंतोड्यांत आरसीसीबी पडला नाही.

एक किरकोळ गोष्ट: टायमर बंद झाल्यावरही दोन-तीन बल्ब मंद जळत राहिले. टायमर सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे होते, टायमर न्यूट्रल तोडत होता आणि फेज बल्बापर्यंत पोचत होती. सॉकेटच्या वायरी अदलाबदल केल्यावर थांबलं. उजेड भुतासारखा मंद असला तरी होल्डर जिवंत असतो, त्यामुळे हे हसण्यावारी नेऊ नये.

हिशेब

१५ डिसेंबर ते १ जानेवारी, १८ रात्री, रोज साडेचार तास, म्हणजे ८१ तास. फेस्टूनचे ३४ वॅट धरले तर पावणेतीन युनिट. तिथे १५ वॅटचे तारेचे बल्ब लावले असते तर ५१० वॅट, म्हणजे ४१ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तरी फरक तीनशे रुपयांच्या आसपास. एवढ्या हंगामात बिल हे एलईडी घेण्याचं खरं कारण नाहीच. कारण उष्णतेचं आहे, तुटण्याचं आहे, आणि बारीक वायरीवर दोन अँपियर न लादण्याचं आहे. ज्याच्याकडे जुने तारेचे बल्ब धड आहेत आणि वायर जाड आहे, त्याने ते एका हंगामात फेकून द्यायची घाई करू नये. फक्त कागद, गवत आणि कापडापासून लांब ठेवावेत.

बजेटात बल्बांचा वाटा निम्म्याहूनही कमी निघाला. जास्त पैसे वायर, होल्डर, आरसीसीबी, डबी आणि स्टीलची दोरी यांत गेले. ते पुढच्या दिवाळीलाही चालतील, बल्बांचा रंग बदलला की झालं.

उतरवणं

घरच्या माळा तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत राहिल्या. त्यानंतर लगेच उतरवल्या, कारण संक्रांतीला गच्चीगच्चीवर पतंग उडतात आणि मांज्यात अडकलेली फेस्टून सोडवताना होल्डर तुटतात. दुकानाच्या ओळी त्याच दिवशी.

बल्ब होल्डरातून काढून, आटे कोरड्या फडक्याने पुसून, खोक्याच्या कप्प्यांत. वायर पुठ्ठ्यावर गुंडाळली, कोपरावर नाही. कोपरावरची वायर पुढच्या वर्षी पीळ घेऊनच बाहेर येते. प्रत्येक पुठ्ठ्यावर मार्करने 'स्लॅब, १८ होल्डर', 'खांब, १६ होल्डर', 'गॅलरी, २४ व्होल्ट', आणि अडॅप्टर त्याच्याच माळेला रबर लावून, कारण २४ व्होल्टच्या माळेला झाडाखाली सापडलेला दुसराच अडॅप्टर लावून माळ जाळण्याचं काम घरोघरी होतं. हंगामात एक काचेचा बल्ब फुटला होता. म्हणजे पाटीवरचे तीन धरून आठ सुटे उरले. ते सगळे एका डबीत, सोबत केल्विन आणि बॅच क्रमांक असलेला खोक्याचा कापलेला तुकडा, पुढच्या खेपेला महाराणी रोडवर दाखवायला.